प्रजापती आणि अरण्य

साहित्यशास्त्राच्या तासाला आनंदवर्धनाचा प्रजापती आला की वर्ग थोडा सावरून बसतो. कवीला सृष्टिकर्त्याच्या जागी बसवणारा हा विचार विद्यार्थ्यांना मनापासून आवडतो. पाठोपाठ मम्मट येतो आणि 'काव्यप्रकाशा'च्या आरंभीच कविसृष्टीला नियतीच्या नियमांतून मोकळी करतो. निसर्गात कमळाला पाणी आणि चिखल लागतो. कवीच्या सृष्टीत ते चेहऱ्यावर उमलते आणि कोणी हरकत घेत नाही. स्वातंत्र्य हा कल्पनाशक्तीचा पहिला गुण, असे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात आणि आम्ही दोघे, गेली कित्येक वर्षे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवणारे, त्या उत्तराला गुण देतो.

या लेखाचा विषय मात्र असे एक लेखन आहे, की ज्यात प्रजापतीचे हे स्वातंत्र्य जवळजवळ काढून घेतलेले असते. एक ग्रह कल्पायचा. त्यावर अरण्य कल्पायचे. पाण्यातून चिखलात आणि चिखलातून झाडांत शिरलेले प्राणी लक्षावधी वर्षांत कसकसे पालटत गेले, हे क्रमाने मांडायचे. या लेखनात बहुधा नायक नसतो, संवाद नसतात, पुष्कळदा रूढ अर्थाने कथानकही नसते. असतात ती वर्णने, चित्रे आणि वंशावळी. याला आपण सोयीसाठी 'कल्पित उत्क्रांती' म्हणू. साहित्याच्या अभ्यासकांनी या लेखनाकडे गंभीरपणे पाहावे, कारण कल्पनाशक्ती म्हणजे काय याचा एक निराळा प्रत्यय ते देते, असे आम्हांला वाटते.

काल्पनिक प्राणी आपल्या परंपरेला नवे नाहीत. सह्याद्रीतील अनेक गडांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला दिसतो. अंग सिंहासारखे, पंजांत हत्ती, क्वचित शेपटीतही हत्ती. मंदिरांवर व्याल आहेत, दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे. हे प्राणी जोडकामाने घडलेले आहेत: एकाचे मस्तक, दुसऱ्याचे धड, तिसऱ्याचे पंख. या जोडकामामागे अर्थ आहे आणि तो अर्थ सत्तेचा, पराक्रमाचा, रक्षणाचा आहे. शरभाने चार हत्ती धरले तरी तो त्यांतला एकही खात नाही, कारण त्याला भूक नाही. त्याला आईबाप नाहीत, पिल्ले नाहीत, तो कोणत्या रानात राहतो हे विचारण्याचे कारण नाही. त्याचे स्थान दरवाजावर आहे आणि तेथे तो परिपूर्ण आहे. मम्मटाच्या अर्थाने तो नियतीच्या नियमांबाहेरचा आहे.

कल्पित उत्क्रांतीतील प्राणी याच्या नेमका उलट असतो. त्याच्या प्रत्येक अवयवाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हा अवयव कशासाठी? आणि हा कशातून आला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अरण्य देते, दुसऱ्याचे पूर्वज देतात. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर प्राणी कितीही देखणा असो, तो पुन्हा दरवाजावरच जाऊन बसतो.

या लेखनाचा थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. गेरॉल्फ श्टाइनर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९६१ साली हाराल्ड श्ट्यूम्पके या टोपणनावाने एक पुस्तक प्रसिद्ध केले. पॅसिफिक महासागरातील एका कल्पित द्वीपसमूहावर नाकाच्या आधारे चालणारे, उड्या मारणारे, नाकानेच भक्ष्य पकडणारे सस्तन प्राणी राहत असल्याचे त्यात शास्त्रीय प्रबंधाच्या भाषेत सांगितले होते. मूळ कल्पना क्रिस्टियान मॉर्गेनश्टेर्न याच्या एका विनोदी कवितेतली. म्हणजे एका कवीने नाकावर चालणारा प्राणी निर्माण केला आणि एका शास्त्रज्ञाने त्या प्राण्याला स्नायू, हाडे, आहार आणि कुल दिले. कविसृष्टी आणि निसर्गनियम यांची इतकी खेळकर भेट क्वचितच झाली असेल. १९८१ साली डूगल डिक्सन यांचे 'आफ्टर मॅन' आले; त्यात माणूस नाहीसा झाल्यानंतर पाच कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणते प्राणी असतील याची कल्पना होती. २००२ सालच्या 'द फ्युचर इज वाइल्ड' या मालिकेने तोच विचार वीस कोटी वर्षांपर्यंत नेला आणि समुद्रातील माखलीच्या वंशजांना झाडांच्या फांद्यांवर झोके घ्यायला लावले.

ही पुस्तके पृथ्वीवरच राहिली. परका ग्रह पूर्णत्वाने उभा केला तो वेन बार्लो या चित्रकाराने, १९९० सालच्या 'एक्स्पिडिशन' या ग्रंथात. चोविसाव्या शतकात एक मोहीम 'डार्विन चार' नावाच्या ग्रहावर जाते आणि तिच्याबरोबर गेलेला चित्रकार तेथील प्राणी रेखाटतो, अशी त्याची रचना आहे. ग्रहाचे गुरुत्व पृथ्वीपेक्षा कमी, सुमारे साठ टक्के. तेथील प्राण्यांना डोळे नाहीत. ते ध्वनीच्या प्रतिसादावरून आणि उष्णतेवरून जग ओळखतात. मोकळ्या प्रदेशांमध्ये अरण्याचे पुंजके आहेत. तेथे खंजिरासारखे पुढचे अवयव असलेला, झाडावरून झाडावर झेपावणारा एक शिकारी प्राणी राहतो. पाठीवर झाडोरा वागवत चालणारा एक महाकाय प्राणीही या ग्रहावर आहे. त्याचे चित्र पाहताना चालते ते जनावर की रान, असा क्षणभर संभ्रम पडतो.

समीक्षक म्हणून आम्हांला येथे काही विचारावेसे वाटते. प्रकाश असलेल्या ग्रहावर डोळा का उत्पन्न होऊ नये? पृथ्वीवर निरनिराळ्या वंशांत डोळा चाळीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाला असावा, असा जीवशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. प्रकाशाचा उपयोग इतका मोठा, की तो जिथे आहे तिथे कोणीतरी पाहू लागतेच. बार्लो यांच्या प्राण्यांचे सौंदर्य मान्य करूनही ही शंका मनातून जात नाही. २००९ सालच्या 'अवतार' या चित्रपटातही अशीच एक जागा आहे. पँडोरावरील बहुतेक मोठ्या प्राण्यांना सहा अवयव आहेत, मात्र तेथील मनुष्यसदृश लोकांना चारच. मग हे चार आले कोठून? चित्रपटात वानरासारखा एक वृक्षवासी प्राणी क्षणभर दिसतो. त्याच्या हातांच्या दोन जोड्या कोपरापर्यंत एकमेकींत मिसळलेल्या आहेत. सहांचे चार कसे झाले, याची ही मधली पायरी. कथेला तिची काहीच गरज नव्हती. तरीही कोणीतरी वंशावळीचे देणे फेडून ठेवले. ज्याला ती पायरी दिसते त्याला पँडोराचे रान अधिक खरे वाटू लागते.

अशा कल्पनेची खरी परीक्षा अरण्यातच का होते, हे समजण्यासाठी पृथ्वीकडे वळावे लागते. आग्नेय आशियातील उंच वर्षावनांत तरंगत जाणारे प्राणी विपुल आहेत. एकाच रानात सरडा, बेडूक, साप, खार आणि कोलुगो हा झाडावर राहणारा सस्तन प्राणी, हे सगळे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हवेतून घसरत जातात. अरण्याने विचारलेला प्रश्न सर्वांना एकच होता: खाली न उतरता पलीकडे कसे जाल? प्रत्येकाने उत्तर मात्र स्वतःच्या वारशातून काढले. सरड्याने बरगड्या लांबवून त्यांवर कातडे ताणले. बेडकाने बोटांमधले पडदे रुंद केले. सापाने अंग चपटे केले. खारीने आणि कोलुगोने पायांमधली कातडी पसरली. आपल्या पश्चिम घाटातही हा धडा छोट्या प्रमाणात वाचता येतो. उडती खार आहे, उडता सोनसर्प आहे, पावसाळ्यात दिसणारा हिरवा उडता बेडूक आहे, दक्षिणेकडच्या रानांत उडता सरडा आहे.

दक्षिण अमेरिकेतील अरण्यांत मात्र तरंगणारे प्राणी फारसे नाहीत. तेथे शेपटीने फांदी धरणारे प्राणी पुष्कळ आहेत. लुईस एमन्स आणि ऑल्विन जेंट्री यांनी १९८३ साली याचा संबंध रानाच्या घडणीशी जोडला. जिथे झाडाझाडांत वेलींचे जाळे आहे तिथे धरत धरत जाता येते. जिथे उंच झाडे सुटी सुटी उभी आहेत आणि वेली कमी आहेत तिथे झेप घ्यावी लागते. म्हणजे प्राण्याची शेपटी कशी असेल हे काही अंशी वेल ठरवते. कल्पित ग्रहावरील प्राणी रेखाटणाऱ्याने आधी वेलींचा विचार केला पाहिजे, असा याचा अर्थ.

अरण्याच्या साक्षीने केलेली कल्पना किती दूर पोहोचू शकते, याचे एक जुने उदाहरण आहे. मादागास्करच्या रानातील एका पांढऱ्या ऑर्किडच्या फुलाला जवळजवळ फूटभर लांब नळी असते आणि मध तिच्या तळाशी असतो. १८६२ साली डार्विनने असे अनुमान केले, की या फुलासाठी तितक्याच लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. तसा पतंग तेव्हा कोणी पाहिला नव्हता. त्या घडीला तो काल्पनिक प्राणीच होता. डार्विन १८८२ साली गेला. १९०३ साली मादागास्करच्या त्या पतंगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याच्या नावात 'भाकीत केलेला' या अर्थाचा शब्द घालण्यात आला. डार्विनने पतंग रचला नाही. फुलाकडून तो वाचून काढला.

विज्ञानसाहित्याच्या ऐच्छिक अभ्यासपत्रिकेच्या निमित्ताने आम्ही हा विषय वर्गात नेला. मराठी विज्ञानकथेची परंपरा समृद्ध आहे. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या १९७४ सालच्या स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परंतु आमच्या वाचनात आलेल्या या कथांचा ओढा अंतराळ, काळ, यंत्र आणि माणूस यांच्याकडे अधिक आहे. प्राणी आणि वनस्पती यांची संपूर्ण परकी सृष्टी क्वचितच भेटते. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी एक ग्रह दिला. त्यांनी त्याचे नाव 'निबिड' ठेवले.

ग्रहाच्या अटी आम्ही ठरवून दिल्या. गुरुत्व पृथ्वीच्या दोनतृतीयांश. हवा अधिक दाट. त्यामुळे झाडे फार उंच. पृथ्वीवरील सर्वांत उंच रेडवूड सुमारे ११६ मीटर भरते, तर निबिडवरची झाडे पावणेदोनशे मीटरपर्यंत. पृथ्वीवरील दाट वर्षावनातदेखील वरच्या उजेडाचे शंभरातले एकदोन भागच जमिनीपर्यंत पोहोचतात. निबिडवर तळाशी त्याहून गडद अंधार. पूर्वजही आम्हीच दिला: दलदलीत सरपटणारा, अंगाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अशा सहा झालरी असलेला हातभर लांबीचा 'चिखल्या'.

पहिल्या आठवड्यात आलेली चित्रे अपेक्षेप्रमाणे शरभाच्या वंशातली होती. दहा डोळे, आग ओकणारे तोंड, चार पंख, सोनेरी आयाळ. विद्यार्थ्यांची कल्पनाशक्ती उदंड होती. चित्रांत रान तेवढे नव्हते. चर्चा बराच वेळ रंगांवर आणि नावांवर फिरत राहिली. मग घाटमाथ्यावरच्या एका वाडीतून येणाऱ्या विद्यार्थिनीने एका देखण्या पंखवाल्याकडे बोट दाखवून विचारले, "सर, हा खातो काय? आणि ह्याचं पिल्लू झाडावरनं पडलं तर?"

वर्ग हसला, पण त्या दोन प्रश्नांपुढे एकही चित्र टिकले नाही. पुढचे सहा आठवडे आम्ही त्याच दोन प्रश्नांची उत्तरे शोधत होतो.

पंख हवेच, असा काहींचा आग्रह होता. तेव्हा आम्ही मायव्हर्टचा आक्षेप वर्गापुढे ठेवला. सेंट जॉर्ज मायव्हर्ट याने १८७१ साली नैसर्गिक निवडीच्या सिद्धान्ताला एक अवघड प्रश्न विचारला होता: पूर्ण अवयव उपयोगी, हे मान्य, पण त्याच्या आरंभीच्या अर्धवट अवस्थेचा उपयोग काय? डार्विनने १८७२ च्या आवृत्तीत त्याला सविस्तर उत्तर दिले. आमच्या वर्गाने स्वतःचे उत्तर शोधले आणि ते अरण्यातच सापडले. सपाट माळावर अर्धा पंख हे ओझे आहे. दीडशे मीटर उंच झाडावर राहणाऱ्या प्राण्याला अर्धा पंखदेखील जीव वाचवणारा ठरतो, कारण तो पडण्याचा वेग थोडा कमी करतो. थोडे हळू पडणारा वाचतो, आणि त्याची पिल्ले त्याहून थोडी हळू पडतात. निबिडची दाट हवा आणि हलके गुरुत्व त्यात भर घालते.

अशा रीतीने चिखल्याचे तीन वंश झाले. पहिल्याच्या पुढच्या झालरींच्या कडा कठीण होत आकड्यांसारख्या वळल्या आणि तो सालीत रुतवून चढू लागला. या 'आकड्या'च्या एका शाखेत मागच्या झालरी रुंदावत एकत्र आल्या आणि तो तरंगू लागला. धान्य पाखडण्याच्या सुपासारखा आकार पाहून विद्यार्थ्यांनी त्याला 'सुपडा' म्हटले. तिसरा वंश जमिनीवरच राहिला. वरून पडेल ते वेचून खाणारा, अंधारात डोळ्यांचा उपयोग उरला नाही म्हणून स्पर्शावर आणि वासावर जगणारा, तो 'वेचकरी'. नावे ठेवताना विद्यार्थ्यांनी लॅटिनचा आव आणला नाही, याचा आम्हांला विशेष आनंद झाला. सुतार, शिंपी, तांबट, धोबी, खाटीक, सुगरण, कोतवाल अशी पाखरांची नावे ज्या भाषेने कामावरून आणि सवयीवरून ठेवली, त्याच भाषेच्या वळणावर ही नावे गेली होती.

पिल्लू पडण्याच्या प्रश्नाने सर्वांत मोठे वळण दिले. सुपड्याची अंडी फांदीवर टिकत नाहीत; ती खाली पडतात. मग ती वेचकऱ्याच्या तोंडी जाणार. एका गटाने सुचवले, की काही अंडी झाडाच्या कडवट बीसारखी दिसत असतील तर वेचकरी ती टाळेल. तीच उरतील आणि वाढतील. दुसऱ्या गटाने लगेच वेचकऱ्याची बाजू घेतली. तो वासाने ओळखायला शिकेल. मग अंड्याला वासही बीचाच यावा लागेल. तिसऱ्या गटाने झाडाची बाजू घेतली. वेचकरी फसून खरे बी टाळू लागला, तर बी दूरवर नेणार कोण? असा तो वाद तासाची घंटा झाल्यावरही चालू राहिला. नंतर संदर्भ चाळताना आम्हांला दिसले, की पृथ्वीवरील काही काडीकिडे खरोखरच उंचावरून बीसारखी दिसणारी अंडी खाली टाकतात, आणि त्या अंड्यांवरील खाद्य उंचवट्यामुळे मुंग्या ती बी समजून वारुळात नेतात. वर्गाने नियम पाळत कल्पना केली, आणि ती कल्पना जगात आधीच वावरत होती.

या सहा आठवड्यांत कोणीही कथानक हा शब्द उच्चारला नव्हता, तरी कथानक घडत होते. एका घटनेतून दुसरी निघत होती आणि कोणतीही घटना लेखकाच्या सोयीसाठी येत नव्हती. कथेत मनासारखा शेवट घडवण्यासाठी पात्राला आजारी पाडणारे विद्यार्थी येथे म्हणू लागले, "असं होणार नाही, रान होऊ देणार नाही." उत्क्रांतीत प्रजापती नाही. त्यामुळे तिची कल्पना करणाऱ्या लेखकाला आपली सगळी निर्मिती अशी करावी लागते, की ती अरण्यानेच केली असे वाटावे. त्याने आपली इच्छा मागे घ्यायची आणि अटींना बोलू द्यायचे. मम्मटाने दिलेले स्वातंत्र्य अटी निवडण्यापुरते त्याच्याकडे असते. अटी एकदा ठरल्या, की तोच त्यांचा पहिला आज्ञाधारक.

हे केवळ परग्रहापुरते आहे, असे आम्हांला वाटत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील धनगर, त्यांची मेंढरे, त्यांचे चालणे-बोलणे, आणि अखेर दुष्काळाने वाडीचे ओस पडणे, यांतले काहीही त्या माळापासून वेगळे काढता येत नाही. माळ बदला, माणसे बदलतील. वर्गात आपण पात्रचित्रण शिकवतो तेव्हा स्वभावाचे विशेष मोजतो: मानी, हळवा, कावेबाज. अवयव मोजण्यासारखेच ते आहे. हा विशेष कशासाठी आणि कशातून आला, हे विचारले तर पुष्कळ कादंबऱ्यांतली पात्रे गडाच्या दरवाजावरची ठरतील आणि थोडी रानातली. निबिडनंतर आमच्या विद्यार्थ्यांनी ही विभागणी आपल्या आपण करायला सुरुवात केली.

एक आक्षेप आम्हांला सहकाऱ्यांनी घेतला आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. खरी अरण्ये डोळ्यांदेखत विरळ होत असताना कल्पित अरण्याचे कौतुक कशाला? सहा झालरींच्या सुपड्यावर सहा आठवडे खर्च करण्यापेक्षा मुलांना शेकरू दाखवा.

शेकरू दाखवावेच. ते महाराष्ट्राचे राज्यप्राणी आहे आणि १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य प्रामुख्याने त्याच्यासाठी झाले. पण ते पाहिल्यावर काय दिसते, हा प्रश्न उरतो. तांबूस पाठ, झुपकेदार शेपूट, एक मोठी झेप. छायाचित्र निघते आणि पाहणे संपते. निबिडवर सुपडा घडवलेल्या विद्यार्थ्यांना त्या झेपेमागचा हिशेब दिसतो. शेकरू शक्यतो जमिनीवर उतरत नाही. त्याचे घर म्हणजे एक झाड नव्हे, तर फांदीला फांदी लागून गेलेले सलग छत्र. मध्ये रुंद रस्ता आला की झाडे शाबूत असूनही त्याचे घर तुटते. आसाममधील होल्लोंगापार येथे हुलॉक गिबन वानरांचे अभयारण्य आहे. त्यातून गेलेल्या लोहमार्गाने रानाचे दोन तुकडे केले, आणि फांद्यांवरून जगणाऱ्या वानरांना तो अरुंद पट्टा नदीसारखा झाला.

कल्पित उत्क्रांतीचे लेखकही हे जाणून होते. श्टाइनरच्या पुस्तकात नाकावर चालणाऱ्या प्राण्यांची सगळी बेटे एका अणुचाचणीच्या परिणामाने समुद्रात बुडतात. आपण वाचतो तो प्रबंध नाहीशा झालेल्या सृष्टीचा आहे. पँडोरावर खनिजासाठी महावृक्ष पाडला जातो. अर्सुला ले ग्विन यांच्या १९७२ सालच्या लघुकादंबरीत ज्या लोकांच्या भाषेत जग आणि अरण्य यांना एकच शब्द आहे, त्यांचे अरण्य पृथ्वीवरची माणसे लाकडासाठी तोडतात. आपणच रचलेले रान लेखकांना असे पुन्हा पुन्हा का मोडावेसे वाटले असेल? एका प्राण्यामागे किती उत्तरांची साखळी असते हे ज्याने स्वतः जुळवून पाहिले, त्यालाच ती तुटण्याचा अर्थ नीट कळत असावा.

आमच्या वर्गात ते काम त्या वाडीतल्या विद्यार्थिनीनेच केले. सत्राच्या शेवटच्या वहीत तिने निबिडवर एक रस्ता काढला. कोणी काढला, का काढला, हे लिहिले नाही. फक्त तीस मीटर रुंदीची उजेडाची पट्टी. सुपडा झेप घेतो, सवयीने घेतो. पलीकडचे खोड येत नाही. तो हळू, सुरक्षितपणे, जमिनीवर उतरतो, कारण त्याच्या पूर्वजांनी त्याला हळू पडायला शिकवले आहे. पण आकड्याच्या वंशातला असूनही चढण्याचे आकडे त्याच्याकडे आता उरलेले नाहीत. ते आपणच चौथ्या आठवड्यात कमी केले होते, असे तिने कंसात नमूद केले होते. उजेडात वेचकरी येत नाही. सुपडा तिथेच थांबतो. पान संपते.

कोणीतरी म्हणाले, त्याला आकडे परत देऊ. खोडरबराने ते सहज झाले असते. निबिडवर प्रजापती शेवटी आम्हीच होतो. वर्गाने ते नाकारले. आकडे परत यायला किती पिढ्या लागतील आणि तोवर रस्त्यापलीकडे जिवंत कोण राहील, असा हिशेब त्यांनी मांडला, आणि तो जुळला नाही.

या वर्षीच्या तुकडीला ग्रह देण्याआधी आम्ही आणखी एक काम दिले. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून गावच्या रानातील प्राण्यापाखरांची नावे लिहून आणायची. पुस्तकातली नव्हे, बोलण्यातली. नावे पुष्कळ आली आणि त्यांतली कित्येक आम्हांलाही नवी होती. यादी फळ्यावर लिहून झाल्यावर एकेका नावापुढे आम्ही विचारत गेलो, हा कोणी पाहिला आहे का? बऱ्याच नावांपुढे एकही हात वर आला नाही. तो दिसतो कसा, खातो काय, पिल्ले कोठे घालतो, हे आजीला ठाऊक होते, असे काहींनी सांगितले. काहींच्या घरी तेही आता कोणाला सांगता येत नव्हते. ती नावे आम्ही फळ्यावरून पुसली नाहीत. पुढच्या तासाला निबिडचा नकाशा त्याच फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर काढला.